कॉलेजची यादी खालून बांधायची आणि वरून भरायची : सीईटी दिलेल्या आपल्या सीमाभागातल्या पोरांसाठी

माझ्या भाच्याने खानापूरच्या एका नेट सेंटरवर बसून कर्नाटकच्या सीईटीचे ऑप्शन (म्हणजे कुठलं कॉलेज, कुठली शाखा पाहिजे त्याची यादी) भरले, एकूण चौदा. चौदाच्या चौदा बेंगळूरची कॉलेजं आणि सगळीकडे कम्प्युटर सायन्स. रँक तीस हजारांच्या पुढची. सेंटरवाल्याने 'ही सगळी चांगली कॉलेजं हायत' म्हणून सांगितलं, पोराने घातली, भावजींनी शंभर रुपये दिले आणि घरी आले. सीटवाटपाच्या पहिल्या राऊंडला काहीच लागलं नाही. पुढच्या राऊंडला बघितलं तर असलेले ऑप्शन खालीवर करता येत होते, काढता येत होते, पण नवीन घालता येत नव्हते. शेवटी मॅनेजमेंट सीट घेतली, जी शाखा नको होती तीच, आणि बहिणीने सोसायटीचं कर्ज काढलं. त्याच रँकला धारवाडला, हुबळीला, बेळगावात त्याला सरकारी फीमध्ये चांगली सीट मिळाली असती. हे मी नंतर बसून कटऑफ (कुठल्या रँकपर्यंत सीट गेली तो आकडा) बघितल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं, कारण मी त्याच गावात होतो आणि मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून विचारलं नाही.

तेव्हापासून दर जूनला मी ओळखीच्या पोरांची यादी स्वतः बसून करतो. कुणी तज्ज्ञ नाही मी, पण आतापर्यंत बरीच पोरं झाली, त्यातून जी पद्धत बसली ती इथे सगळी लिहितो. मुद्दा एकच आहे, यादी खालून बांधायची आणि भरताना वरून भरायची. म्हणजे आधी जे नक्की मिळेल, परवडेल आणि मिळालं तर आनंदाने जाल असं कॉलेज ठरवायचं, मग त्याच्यावर एकेक पायरी चढत जायचं. बहुतेक घरात याच्या उलटं होतं, आधी आरव्ही, पीईएस, बीएमएस, रामय्या अशी नावं लिहून होतात आणि खाली काय घालायचं याचा विचार शेवटच्या दिवशी रात्री अकराला.

पहिल्यांदा रँक कशी बनते ते नीट समजून घ्या, कारण इथेच निम्म्या लोकांचा अंदाज चुकतो. केईए (सीईटी घेणारी आणि सीट वाटणारी कर्नाटकची संस्था) इंजिनिअरिंगची रँक काढताना पीयूसीच्या (इथल्या बारावीच्या) फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे मार्क अर्धे धरते आणि सीईटीचे अर्धे. पीयूसीचे ३०० पैकी, सीईटीचे १८० पैकी, दोन्हीची टक्केवारी काढून बेरीज करायची आणि दोनने भागायचं. आता समजा एका पोराला पीयूसीत २८५ आहेत, म्हणजे ९५ टक्के, आणि सीईटीत ७२, म्हणजे ४० टक्के. सरासरी ६७.५. दुसऱ्याला पीयूसीत २४० म्हणजे ८० टक्के, सीईटीत ९९ म्हणजे ५५ टक्के. त्याचीही सरासरी ६७.५. पहिल्याच्या घरी पेढे वाटलेले असतात आणि दुसऱ्याच्या घरी तोंड पाडून बसलेले, आणि दोघं आहेत एकाच जागी! हिशोब केला तर सीईटीचे ३ मार्क म्हणजे पीयूसीचे ५ मार्क. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे ज्यांची परीक्षा अजून व्हायची आहे त्यांनी लक्षात ठेवा.

रँक यायच्या आधी अंदाज काढायचा असेल तर नेटवरच्या रँक सांगणाऱ्या साईटवर फार जाऊ नका, त्या तुमचा मोबाईल नंबर घेतात आणि मग कॉलेजवाल्यांचे फोन सुरू होतात. मी एक साधं करतो. तुमच्याच पीयू कॉलेजमधल्या गेल्या वर्षीच्या पाच-सहा सिनिअरना विचारा, पीयूसीचे किती, सीईटीचे किती, रँक किती. प्रत्येकाची सरासरी वर सांगितल्यासारखी काढा आणि समोर रँक लिहा. तुमची सरासरी त्यात कुठे बसते ते दिसतं. पण एक आकडा धरू नका, एक चांगली बाजू आणि एक वाईट बाजू धरा, कारण पेपर दर वर्षी सारखा नसतो. २०२४ च्या सीईटीत सिलॅबसच्या बाहेरचे प्रश्न आले म्हणून गाजलं आणि नंतर केईएने एकूण ५० प्रश्न वगळले. अशा वर्षाचे मार्क दुसऱ्या वर्षाला लावून उपयोग नाही. मार्कांची तुलना नुसत्या अंदाजापुरती, रँकची तुलना मात्र वर्षावर्षात चालते, म्हणून रँक हातात आली की मार्क विसरून जा.

आता कटऑफ. केईएच्या साईटवर प्रत्येक वर्षाचे, प्रत्येक राऊंडचे कटऑफ पीडीएफमध्ये असतात, कॉलेजप्रमाणे, शाखेप्रमाणे, कॅटेगरीप्रमाणे. ती पीडीएफ उघडली की पोरं घाबरतात, नुसते आकडे आणि अक्षरं. तुम्हाला फक्त तुमचा कॉलम ओळखायचा आहे. जीएम म्हणजे ओपन. मग आरक्षणाच्या कॅटेगरी १, २ए, २बी, ३ए, ३बी, एससी, एसटी. प्रत्येकाच्या पुढे जी, आर किंवा के. जी म्हणजे साधं, आर म्हणजे रूरल, के म्हणजे कन्नड मिडियम. आपल्याकडची मराठा समाजाची पोरं कर्नाटकात ३बी मध्ये येतात, म्हणजे त्यांनी जीएम बघायचं, ३बीजी बघायचं, आणि रूरल असतील तर जीएमआर आणि ३बीआरसुद्धा. ओपनची सीट कॅटेगरीच्या पोरालाही मिळते, त्यामुळे दोन्ही-तिन्ही कॉलम बघून जिथे रँक बसते तो धरायचा.

कन्नड मिडियमचा कॉलम मराठी शाळेत शिकलेल्यांना नाही, तो विषय संपला. पण रूरलचा आहे, आणि इथे माझं सगळ्या आईवडिलांना कळकळीचं सांगणं आहे. रूरलला पहिली ते दहावी अशी पूर्ण दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. शाळा मराठी की कन्नड याचा इथे संबंध नाही, गाव ग्रामीण पाहिजे. उचगावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत आणि पुढे तिथल्याच हायस्कूलला दहावीपर्यंत शिकलेली मुलगी रूरलमध्ये येते. तिचीच चुलत बहीण आठवीला बेळगाव शहरातल्या हायस्कूलला गेली असेल तर नाही येत, सात वर्षं गावात काढली तरी नाही. राहता कुठे हे बघत नाहीत, शिकलात कुठे ते बघतात. १५ टक्के जागा रूरलला आहेत, आणि मोठ्या कॉलेजात जीएम आणि जीएमआर यांच्यातला फरक बघितला तर कळेल केवढ्या कामाची गोष्ट आहे. ज्यांना हे लागू होतं त्यातली कितीतरी पोरं फॉर्ममध्ये 'नाही' करून मोकळी होतात, कारण सर्टिफिकेटवर बीईओ (तालुक्याचा शिक्षणाधिकारी) ऑफिसची सही आणायला हेलपाटे घालायचे कोण.

कागदांचं तेच. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या ऑफिसातून) काढलेला, त्यावरचा आरडी नंबर फॉर्ममध्ये घालावा लागतो. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डवर नाव इंग्लिशमध्ये, दाखल्यावर कन्नडमध्ये, आणि वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे नुसतं अक्षर, असं झालं की फॉर्म अडतो. मागे एका पोराच्या दाखल्यावर आडनावच नव्हतं, गावाचं नाव आडनावाच्या जागी. दुरुस्तीला तीन आठवडे गेले. म्हणून दाखले डिसेंबरमध्येच काढून ठेवा, जानेवारी-फेब्रुवारीत फॉर्म सुटतात तेव्हा धावपळ नको.

आणि एक चूक जी मी स्वतः केलीय. कटऑफचे दोन वेगळे तक्ते असतात, एक साधा आणि एक कल्याण कर्नाटकचा, ज्याला लोक अजून एचके (हैदराबाद-कर्नाटक) म्हणतात. घटनेच्या ३७१ जे कलमाखाली बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी आणि विजयनगर या जिल्ह्यांच्या पोरांना वेगळं आरक्षण आहे. भालकी, औराद, बसवकल्याणच्या आपल्या मराठी पोरांनी तो तक्ता जरूर बघावा, त्यांच्या हक्काचा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, हल्याळ यांना तो लागू नाही. मी एका मुलीची यादी करताना चुकून एचकेची पीडीएफ उघडून बसलो होतो, आकडे बघून म्हटलं अरे वा हे तर सहज बसतंय, आणि तीन कॉलेजं 'नक्की'मध्ये लिहिली. तिच्या वडिलांनीच विचारलं, 'वर हे काय लिहिलंय ओ?' तेव्हा लक्षात आलं. नशीब ऑप्शन भरायच्या आधी आलं. आता पीडीएफ उघडली की पहिल्यांदा डोक्यावरचं शीर्षक मोठ्याने वाचतो, वर्ष, राऊंड, तक्ता कुठला.

तर तीन वर्षांचे कटऑफ घ्या, एकाच वर्षावर जाऊ नका. समजा एका कॉलेजात एका शाखेला तुमच्या कॉलमचा शेवटचा रँक तीन वर्षांत १८,०००, २१,००० आणि १६,५०० असा आहे (हे आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत). यातला सगळ्यात कडक १६,५००, सगळ्यात सैल २१,०००. तुमची रँक कडक आकड्याच्या पाऊणपट किंवा त्याहून आत असेल, म्हणजे इथे १२,००० च्या आसपास, तर ते कॉलेज 'नक्की'. कडक आणि सैल यांच्या मध्ये असेल तर 'होईल-न होईल'. सैलच्याही पुढे असेल पण फार पुढे नाही, म्हणजे २७-२८ हजारांपर्यंत, तर 'नशीब'. त्याच्या पुढे असेल तर ते कॉलेज घालायला हरकत नाही पण त्याला यादीत मोजू नका. आणि १२,००० ते १६,५०० च्या मधलं? ते बहुतेक होतं, पण मी त्याला नक्की म्हणत नाही, कारण ते चुकलं तर वर्ष पोराचं जातं, माझं नाही. पाऊणपटाचा नियम माझा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, तुम्हाला जास्त सावध राहायचं असेल तर अर्धपट धरा.

अजून एक बारीक गोष्ट यातच. पहिल्या राऊंडचा कटऑफ कडक असतो, शेवटच्या राऊंडचा सैल, कारण मध्ये पोरं मेडिकलला जातात, जेईईवाले जातात, महाराष्ट्रात जातात. म्हणून 'नक्की' ठरवताना पहिल्या राऊंडचा आकडा बघायचा आणि 'नशीब' ठरवताना शेवटच्या राऊंडचा. लोक बरोबर उलटं करतात, शेवटच्या राऊंडचा सैल आकडा बघून नक्की म्हणतात.

एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी असल्या नवीन शाखांना कधी कधी तीन वर्षांचा इतिहासच नसतो. तिथे त्याच कॉलेजच्या कम्प्युटर सायन्स आणि इन्फर्मेशन सायन्सचा आकडा बघून अंदाज करायचा आणि ते 'नक्की'मध्ये कधीच लिहायचं नाही. जागा वाढल्या की कटऑफ सैल होतो, कॉलेजला ऑटोनॉमस मिळालं किंवा प्लेसमेंटची बातमी आली की कडक होतो. कम्प्युटरचं वेड आहे तोवर सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल सैलच राहणार, आणि ज्याला खरंच मशीनची आवड आहे त्याच्यासाठी हे दिवस चांगले आहेत, ज्या कॉलेजचं कम्प्युटर त्याच्या आवाक्यात नाही त्याच कॉलेजचं मेकॅनिकल असतं. उद्यमबागच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये वाढलेली पोरं कम्प्युटरच्या मागे लागतात तेव्हा मी एकदा तरी विचारतो, बाबा तुला नक्की काय आवडतं.

आता आपल्या भागाची खास गोष्ट, जी बेंगळूर-म्हैसूरच्या पोराला नाही. आपल्याला महाराष्ट्राचीही वाट आहे. महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या इंजिनिअरिंग प्रवेशात उमेदवारांचे प्रकार असतात, त्यात 'टाईप ई' हा वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या आणि दहावी किंवा बारावी इथल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजातून झालेल्या पोरांसाठी आहे. म्हणजे आपण तिथे परराज्यातले म्हणून मोजले जात नाही. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्या भागात राहत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो, त्याचे नमुने त्यांच्या माहिती पुस्तिकेत दिलेले असतात. हे माहीत नसल्यामुळे आपली पोरं फॉर्ममध्ये परराज्य म्हणून टिक करतात किंवा एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची सीईटी) देतच नाहीत. आणि नंतर जूनमध्ये येऊन विचारतात, कोल्हापूरला मिळेल का? परीक्षाच दिली नाही तर कसं मिळेल! पीयूसी सेकंड इयर चालू असतानाच दोन्ही राज्यांचे फॉर्म भरायचे, हे कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा.

तिकडचा हिशोब पूर्ण वेगळा. एमएचटी-सीईटी २०० मार्कांची, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेक मार्काचे, इथेही निगेटिव्ह नाही. म्हणजे मॅथ्सवर अर्धा भार. प्रवेश पर्सेंटाईलवर, बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते. त्यामुळे ज्याचं पीयूसी पडलंय पण मॅथ्स चांगलं आहे त्याला तिकडे कर्नाटकापेक्षा वरचं कॉलेज मिळू शकतं, हे मी प्रत्यक्ष बघितलंय. कटऑफच्या पीडीएफमध्ये तिकडे जीओपेनएस, जीओपेनएच, जीओपेनओ असली अक्षरं असतात, शेवटचा एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या भागातली पोरं, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्य पातळीवरच्या जागा, आणि सुरुवातीला एल असेल तर मुलींच्या जागा. आपल्याला कोणतं अक्षर लागू ते टाईपच्या तक्त्यात बघूनच आकडा धरा. आणि कर्नाटकातली ३बी-२ए ही कॅटेगरी तिकडे तशीच चालेल असं धरून बसू नका, ओपनच्या आकड्यावर हिशोब करा, वर काही मिळालं तर फायदाच. कोल्हापूरचं केआयटी, इचलकरंजीचं डीकेटीई, इस्लामपूरचं आरआयटी, सांगलीचं वालचंद, आणि वर पुण्याचं सीओईपी, निपाणी-चिकोडीच्या पोराला यातली पहिली दोन तर बेंगळूरपेक्षा घराजवळची आहेत.

उलट बाजूही सांगतो. काही पालक पोराला अकरावीलाच कोल्हापूरला घालतात. कर्नाटकच्या सीईटीला कर्नाटकात किमान सात वर्षं शिक्षण आणि दहावी किंवा बारावी इथून पास अशी अट आहे, पहिली ते दहावी इथे झालेल्या पोराची ती पूर्ण होते, त्यामुळे तो दोन्हीकडे राहतो. पण एनआयटीला (जेईईवर मिळणारी केंद्राची कॉलेजं) होम स्टेट बारावी जिथून दिली त्यावर ठरतं. बारावी बेळगावात दिली तर सुरतकल तुमचं होम, कोल्हापुरात दिली तर नागपूर, आणि निम्म्या जागा होम स्टेटला असतात. जेईईचा विचार असेल तर हे अकरावीच्या आधी ठरवायची गोष्ट आहे.

कॉमेडकेबद्दल थोडक्यात. ती खाजगी कॉलेजांची वेगळी परीक्षा, १८० प्रश्न, तीन तास, निगेटिव्ह नाही आणि पीयूसीचे मार्क रँकमध्ये धरत नाहीत. कॉमेडकेचा दहा हजार आणि सीईटीचा दहा हजार एक नाही, दोन वेगळ्या रांगा आहेत, एकीचा कटऑफ दुसरीला लावू नका. फी सीईटीच्या सरकारी सीटपेक्षा बरीच जास्त. मॅनेजमेंटपेक्षा बरं, पण घरातला आकडा आधी बघा. नीटवाल्यांनाही पद्धत हीच, फक्त सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के राज्याच्या जागा केईएकडून आणि १५ टक्के ऑल इंडिया एमसीसीकडून (केंद्राच्या समितीकडून) अशा दोन याद्या कराव्या लागतात, आणि तिथे स्पर्धा इतकी कडक आहे की वेटरनरी, आयुर्वेद, डेंटल किंवा बीएससी ॲग्री यातलं काय चालेल हे आधीच बोलून घ्या. शेतकऱ्याच्या पोरांना ॲग्रीला वेगळा कोटा आहे आणि त्याची प्रॅक्टिकल परीक्षा असते, पोरगं शेतात राबलेलं असेल तर धारवाडच्या कृषी विद्यापीठासाठी तो फॉर्म सोडू नका.

पैशाचा कॉलम. माझ्या वहीत प्रत्येक कॉलेजपुढे चार आकडे असतात, कडक कटऑफ, सैल कटऑफ, वर्षाची फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च. बेळगावहून बेंगळूर ५०० किलोमीटर, राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर. हुबळी-धारवाड शंभराच्या आत, कोल्हापूर साधारण ११०. बेळगावातलं कॉलेज म्हणजे घरचा डबा आणि बसपास. जिथला खर्च चार वर्षं झेपणार नाही ते कॉलेज रँक बसत असली तरी 'नक्की' नाही. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर एसएनक्यू (कमी उत्पन्नवाल्यांचा जास्तीच्या जागांचा कोटा) बघा, त्यात ट्यूशन फी माफ असते, ५ टक्के जास्तीच्या जागा असतात, त्यांचा कटऑफ वेगळा आणि कडक असतो. आणि हे बोलणं पोरासमोर करा. गेल्या एका जूनला एका वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'बेंगळूर झेपणार नाही, पण पोराला कसं सांगू?' मी म्हटलं आता सांगा, सीट लागल्यावर सांगितलं तर त्याला जास्त लागेल. त्यांनी जेवताना सांगितलं. पोरगं दहा मिनिटं गप्प बसलं आणि मग स्वतःच वही घेऊन आलं, म्हणालं धारवाड वर घालूया.

आता भरायचं. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे, की वर मोठं कॉलेज घातलं आणि ते मिळालं नाही तर खालचं पण जातं. असं होत नाही. कम्प्युटर रँकप्रमाणे एकेका पोराला घेतो, त्याचा पहिला ऑप्शन बघतो, जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा, आणि जिथे पहिल्यांदा जागा दिसते तिथे देतो. तुमची पाळी आली तेव्हा दहाव्या ऑप्शनला जागा असेल तर वरचे नऊ घातल्यामुळे ती कमी होत नाही. म्हणून आवडीप्रमाणे वरून खाली लावा, मिळण्याच्या शक्यतेप्रमाणे नाही. नुकसान होतं ते उलट्या बाजूने. दोन नंबरचं आवडीचं कॉलेज भीतीने पाचव्यावर टाकलं आणि चौथं लागलं, तर पाचवं त्या राऊंडला गेलंच. आणि जिथे जाणारच नाही ते कॉलेज नुसतं भरायला म्हणून घालू नका, कारण ते लागू शकतं.

उचगावच्या त्या मुलीची यादी सांगतो. खालून सुरू केली. तळाला तिने बेळगावातल्या दोन कॉलेजांचं इलेक्ट्रॉनिक्स आणि निडसोशीच्या हिरा शुगरचं कम्प्युटर लिहिलं, तिन्ही पाऊणपटाच्या आत, तिन्हीकडे जायला तयार. मग मध्ये बेळगावच्या गोगटेचं इन्फर्मेशन सायन्स, गोगटेचं कम्प्युटर, धारवाडच्या एसडीएमचं कम्प्युटर, हुबळीच्या केएलई टेकचं इलेक्ट्रॉनिक्स. वर केएलई टेकचं कम्प्युटर आणि बेंगळूरचं युव्हीसीई, सरकारी फी कमी म्हणून. सगळे मिळून पंचवीसेक ऑप्शन, त्यात नक्कीचे सहा, मधले बारा, बाकी नशिबाचे. केईएला ऑप्शन कितीही घालता येतात, महाराष्ट्राच्या कॅपला (तिकडच्या एकत्रित प्रवेशाला) तीनशेपर्यंत, त्यामुळे कंजुषी करू नका. आणि महाराष्ट्रात पहिल्या राऊंडला पहिलाच ऑप्शन लागला तर सीट आपोआप फ्रीझ म्हणजे पक्की होते, पुढच्या राऊंडला जाता येत नाही, म्हणून तिकडे एक नंबरला तेच घाला जे लागलं तर पुन्हा मागे बघणार नाही.

भरून झालं की केईए मॉक अलॉटमेंट दाखवते. मॉक लागली म्हणजे सीट लागली नाही, गल्लीत पेढे वाटू नका. पण तिच्यावरून तुमचा अंदाज किती बरोबर ते कळतं. मॉकमध्ये तुमच्या 'नक्की'मधलंच काहीतरी लागलं तर मधल्या गटात अजून भर घाला. काहीच लागलं नाही तर घाबरायचं कारण आहे, त्याच दिवशी खाली अजून सहा-सात घाला, कारण मॉकनंतर बदलता येतं आणि पुढच्या राऊंडला नवीन घालायला मिळेलच याची खात्री धरू नये.

खरी सीट लागल्यावर चार चॉईस येतात. एक म्हणजे हीच घेतली, जाऊन ॲडमिशन. दोन म्हणजे ही धरून ठेवतो, फी भरतो, पण वरचं मिळालं तर पाहिजे. तीन म्हणजे ही नको, पुढच्या राऊंडला बघू. चार म्हणजे बाहेर. दोन घेतला आणि वरचं लागलं की आधीची सीट आपोआप जाते, परत येत नाही, म्हणून दोन घ्यायच्या आधी वरचे ऑप्शन परत एकदा वाचा, लागलेल्या सीटपेक्षा खरंच जास्त पाहिजे तेवढेच ठेवा, बाकी काढून टाका. तीन फार विचार करून, हातात महाराष्ट्राची किंवा दुसरी पक्की सीट असेल तरच. दोन्ही राज्यांच्या राऊंडच्या तारखा एकमेकांवर येतात, ओरिजिनल कागद एकीकडे जमा केले तर दुसरीकडे काय दाखवणार, सीट सोडली तर फी किती परत मिळते आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे कॉलेजच्या ऑफिसात भरायच्या आधी विचारा आणि लिहून घ्या.

शेवटच्या दिवशी साईट जड होते, म्हणून आदल्या दिवशीच लॉक करा. नेट सेंटरवर भरत असाल तर पोराने स्वतः वही घेऊन शेजारी बसायचं, कोड वाचायचा, स्क्रीनवर बघायचा, वहीत टिक करायचं, कारण एकाच कॉलेजच्या वेगवेगळ्या शाखांचे कोड जवळजवळ सारखे दिसतात. प्रिंट काढायची. घरी आल्यावर ती प्रिंट आईला वाचून दाखवायची, एकेक नाव, आणि प्रत्येक नावाला विचारायचं, हे लागलं तर जाशील ना? ज्या नावाला पोरगं अडखळेल ते नाव दुसऱ्या दिवशी लॉक करायच्या आधी काढायचं.